कानाशी धरलेला बाण

पौषातल्या त्या सकाळी मी रत्नागिरीच्या शाळेत मुलींकडून पाढे म्हणून घेत होते, आणि देवरुखच्या पहिल्या मोटारीने आलेला आमच्या वाडीतला भागोजी वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात धरली होती, आणि त्या टोपीकडे बघूनच मला सगळं कळलं. "ताई, चल," तो म्हणाला. "काल दिवं लावायच्या वक्ताला दादा गेलं. तुज्यासाटी थांबल्यात सगळी." मागे मुलींचे पाढे चालूच होते... कोणीतरी त्यांना थांबवायला हवं होतं, आणि ते कोणीतरी मीच होते, हे मला बऱ्याच वेळाने सुचलं.

माझा दादा, यशवंत, आंधळा होता आणि बाण करत असे. हे वाक्य मी रत्नागिरीत ज्यांना ज्यांना सांगितलं ते आधी हसले, आणि मग गंभीर होऊन म्हणाले, "म्हणजे काठ्या तासतो होय?" काठ्या नव्हेत, बाण. सरळ, गोल, हातात घेतला तर जणू मेणाचा वाटावा असा. मी त्याची सख्खी बहीण, लहानपणापासून ते काम बघत आले, तरी आजही मला त्याचं पुरतं नवल सांगता येत नाही. तो गेल्याला महिना होत आला. आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमच्या गावात दसऱ्याला सोनं लुटण्याआधी देवळापुढून एक बाण सोडतात. तो शिवेवरच्या ओढ्यापलीकडे पडला की सीमोल्लंघन झालं. बाण कोणी सोडायचा हे दरवर्षी देवाला कौल लावून ठरतं, पण बाण करण्याचा मान आमच्या घराचा. त्याला अट एकच, तो घरच्या माणसाने, घरी फोडलेल्या काठीतून केलेला हवा. ज्या वर्षी आमच्या घरातून बाण निघणार नाही, त्या वर्षी मान चुलत्यांच्या घरी जायचा, आणि एकदा गेलेला मान परत येत नाही. शहरातल्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. पण आमच्याकडे दुसरं होतं काय? जमीन सगळी वरकस, पीक म्हणजे नाचणी आणि वरी. त्या एका बाणापायी देवाची पालखी आमच्या अंगणात टेकायची आणि गावातली मोठी माणसं आमच्या बाबांना 'या, बसा' म्हणायची.

बाबा सुरीने काठी तासत, मग एक डोळा मिटून तिच्यावरून नजर टाकत, पुन्हा तासत. दादा त्यांच्या हाताखाली शिकला आणि मुंबईला गिरणीच्या दुरुस्तीखात्यात लागला. बाबांच्या पश्चात दर दसऱ्याला रजा काढून यायचा आणि बाण करून जायचा. मग त्याच्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनीही हात टेकले. ऐन तिशीत तो वहिनीचा हात धरून बोटीच्या फळीवरून उतरला, तेव्हा मी बंदरावर गेले होते. समोर उभी राहिले तरी तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. मी रडले. तो म्हणाला, "रडतेस काय गो? माजी ट्रंक सांबाळ, जड हाय."

ट्रंक जड होती ती एका पोलादी पट्टीने. वीतभर लांब, चांगली जाड, आणि तिला उतरत्या मापाची भोकं पाडलेली. सोनार अशाच पट्टीतून तार ओढतात, पण इथे ओढायचं नव्हतं, ठोकायचं होतं. दुरुस्तीखात्यात लाकडी खुंट्या अशाच करत. पट्टी ओंडक्यावर बसवायची, फोडलेली काठी मोठ्या भोकावर उभी धरायची आणि वरून हातोडीने ठोकायची. भोकाची धार काठीला सोलते आणि खालून काठी गोल होऊन उतरते. मग त्याहून लहान भोक, मग त्याहून लहान. दृष्टी जाणार हे कळल्यावर, ती पुरती जायच्या आत त्याने ही पट्टी करून घेतली होती. माणसं अशा वेळी देवाला नवस बोलतात. माझ्या भावाने भोकं पाडली.

दादा गावी आल्यावर चुलतभाऊ धाकू आमच्या ओटीवर येऊन बसला. माणूस वाईट नव्हता, पण मानावर त्याचा डोळा होता आणि ते तो लपवतही नसे. "यशवंता, राग मानू नको," तो म्हणाला. "बान डोळ्यांनी व्हतो. औंदा आमी करतो."

"डोळा बाबांचा व्हता," दादा म्हणाला. "माजं हात हायत. बगू."

लाकूड धामणीच्या झाडाचं. त्याला करवत लावायची नाही, कोयत्याने फोडायचं. लाकूड जिथून स्वतः फुटतं तिथे त्याची शीर सरळ असते. करवत लाकडाचं ऐकत नाही, असं दादा म्हणे. फोडलेल्या काठ्या चुलीवरच्या फळीवर वाळत पडायच्या. मग वहिनी काठी भोकावर धरायची आणि दादा ठोकायचा. त्याची रीत अशी, की आधी हातोडी काठीच्या डोक्यावर अलगद टेकवायची, जागा समजून घ्यायची, आणि मग आखूड घाव घालायचा. तरी त्या हातोडीखाली वहिनीची बोटं होती! पहिल्या दिवशी भीतीने तिने डोळे गच्च मिटून घेतले. म्हणजे आमच्या घरात त्या दिवशी बाण होत होता आणि बघणारं कोणीच नव्हतं. पुढे मी तिला विचारलं, वहिनी, भीती नाही वाटली? ती म्हणाली, "वाटली ना. पण मी हात काडला असता तर त्येंनी परत हातोडी धरली नसती."

उतरलेली काठी तो वहिनीच्या पाट्यावर घरंगळत सोडायचा आणि ऐकायचा. वाकडी काठी टकटक करत जाते, सरळ काठी गुपचूप जाते. जिथे टक् वाजलं तिथे बोट ठेवून, निखाऱ्यावर शेकून, तेवढीच जागा तो सरळ करी. शेवटी पिसं आणि टोक लावून झालं की बाण कानाशी न्यायचा आणि दोन्ही हातांनी हळूच वाकवायचा. निरोगी बाण गप्प राहतो. आत कुठे चीर असली तर बारीक करकरतो, आणि असला बाण दोरीवरून सुटताना फुटला तर सोडणाऱ्याच्या मनगटात घुसतो. ही परीक्षा दादा देवळात, सगळ्यांदेखत, अगदी शेवटी घेई. त्या वर्षीचा बाण ओढा ओलांडून पार पलीकडच्या काजूत जाऊन पडला. धाकूने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण सोनं द्यायला पहिला तोच आला.

पुढे पुढे दादाचं हे कानाशी नेणं गावाला इतकं आवडलं, की जो तो काहीही वाकवून ऐकायला लागला. कुदळीचा दांडा, छत्रीची काठी, वल्ह्याची मूठ. एका लग्नात नवऱ्याच्या मामाने मांडवाची काठी कानाला लावलेली मी स्वतः पाहिली आहे. ऐकू काय येतं ते कोणालाच सांगता येत नसे, पण चेहरा मात्र दादासारखा करत.

आणि त्यातूनच एका वर्षी अनर्थ ओढवला. त्या खेपेला कौल धाकूच्या मुलाला, बाबूला झाला होता. आदल्या दिवशी बाण देवघरात ठेवलेला आणि वाडी दर्शनाला लोटलेली. येणारा प्रत्येक जण हात जोडायचा आणि मग बाण उचलून, मोठ्या भक्तीने, कानाशी वाकवायचा. दसऱ्याला देवळात दादाने बाण हातात घेतला, कानाशी नेला... आणि थांबला. पुन्हा वाकवला. मग गुडघ्यावर घेऊन मोडला.

मी बायकांत उभी होते. आमच्या घराचा बाण नाही म्हणजे मान गेला. तो ज्याच्या घरी जाणार त्याचाच मुलगा पुढे धनुष्य घेऊन उभा. करकर ऐकली होती एकट्या दादाने. तो गप्प राहिला असता तर कोणाला कळलं असतं?

धाकू पुढे आला. मोडलेले तुकडे त्याने उचलले आणि फुटलेल्या जागी बोट फिरवलं. आत चीर लांबवर तिरकी गेलेली होती. त्याने बाबूच्या मनगटाकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सूर्य सड्याखाली जाईस्तवर दसरा हाय. यशवंता, घरात फोडलेली काठी हाय का?"

"हाय."

ओंडका, पट्टी, पाटा, निखारे, सगळं देवळाच्या पायरीवर आलं. वहिनी काठी धरायला बसली तर धाकू म्हणाला, "वयनी, सर. आज मी धरतो." बाण डोळ्यांनी होतो म्हणणाऱ्या माणसाने आपली बोटं आंधळ्याच्या हातोडीखाली ठेवली आणि वहिनीसारखेच डोळे गच्च मिटले. एवढी माणसं, पण हातोडीशिवाय आवाज नव्हता. पाट्यावरून काठी गुपचूप गेली तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांनी हात जोडले, देवाला की दादाला, कोण जाणे. मी दादाला जोडले. पिसं आणि टोक लावून दादाने बाण कानाशी नेला, तोही गप्प राहिला. ऊन सड्याच्या, म्हणजे गावावरच्या कातळी पठाराच्या, कडेला टेकलं असताना बाबूने बाण सोडला आणि तो ओढ्यापलीकडे पडला. मानाचं नाव धाकूने पुन्हा कधी काढलं नाही. त्यानंतर वहिनीच्या जागी बसायला तोच येऊ लागला.

...भागोजीबरोबर मी वाडीत पोचले तेव्हा ऊन कललं होतं. वहिनी आत दादाजवळ बसली होती. पट्टी तिच्या मांडीवर होती आणि भोकांवरून तिचं बोट फिरत होतं. अंगणात धाकू तिरडीचं बघत होता. आता तोही थकला आहे, हात कापतात. बाबूने दोन बांबू तोडून आणून पुढ्यात टाकले. धाकूने एक उचलला, कानाशी नेला आणि हळूच वाकवला. सगळे उभे होते. कोणी हसलं नाही, घाई कर असं कोणी म्हटलं नाही. त्याने दुसरा उचलला, तोही कानाशी नेला, आणि बाजूला टाकून दिला.

"ह्यो नको," तो म्हणाला. "करकरतो. दुसरा आन. आमी थांबतो."