डेन्झिलचं नाक

आमच्या मामांचं नाक त्यांचं नव्हतं. ते डेन्झिलचं होतं, असं ते स्वतःच सांगत. मधोमध चेपलेलं, डावीकडे कललेलं, श्वास घेताना बारीक शिट्टी वाजवणारं ते नाक ते अनोळखी माणसालाही बोट लावून दाखवत आणि म्हणत, "नाक माह्यं, सही त्याची." लोक जिंकल्याच्या गोष्टी सांगतात आणि हरल्याच्या लपवतात. मामांनी सगळा जन्म एका हरण्यावर काढला, आणि तोही छाती पुढे काढून. गावही त्यांना डेन्झिलच म्हणायचं. ज्यानं धुतलं त्याचंच नाव मिरवणारा दुसरा माणूस मी तरी पाहिला नाही.

डेन्झिल म्हणजे नागपूरचा, रेल्वेतला बॉक्सर. पन्नासेक वर्षांपूर्वी देशभर त्याच्या नावाचा दरारा होता म्हणे. 'म्हणे' अशासाठी की आर्वीत त्याला मामांशिवाय कोणीच पाहिलेलं नव्हतं. मामा तेव्हा नागपूरला कॉलेजात होते. पास होण्याची घाई नव्हती आणि अंगात रग होती. अजनीला मैदानावर मांडव टाकून लढती चालल्या होत्या, त्यात मामा डेन्झिलसमोर उतरले. दुसऱ्या राउंडमध्ये डेन्झिलचा उजवा हात आला, मामा आडवे झाले, रेफरीनं दहापर्यंत मोजलं. गोष्ट एवढीच. पण मामांच्या तोंडून ती ऐकायला अर्धा तास लागायचा आणि दरवर्षी मांडवातली गर्दी वाढत जायची.

आर्वीच्या बाजारात मामांचं बांगड्यांचं दुकान होतं. आमचं घराणंच कासाराचं. तुटक्या नाकाचा, मांजराच्या डोक्याएवढ्या मुठींचा हा माणूस गादीवर बसून बायकांच्या हातात काचेच्या बांगड्या चढवायचा, आणि कापूस वेचून राठ झालेल्या हातातही त्याच्याकडून बांगडी फुटल्याचं मला आठवत नाही. आधी पंजा दाबून हाडं मऊ करायची, मग अंगठा आत मुडपायचा, आणि बाईला कळायच्या आत बांगडी मनगटावर. हे चाललेलं असताना तोंडानं डेन्झिल चालू. हात मामांच्या ताब्यात असल्यामुळे बाईला उठून जायची सोय नसे. आर्वी तालुक्यातल्या निम्म्या सुवासिनींना डेन्झिलचा डावा पाय कुठे असायचा हे पाठ होतं.

दुकानातल्या टीव्हीवर कोणी नवा बॉक्सर दिसला की मामांचं नाक मुरडायला सुरुवात व्हायची, म्हणजे जेवढं मुरडता येईल तेवढं. "डावा हात पाह्य त्याचा. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यावानी मांडीवर ठेवला हाय." कोणी पदक जिंकून रडला तर म्हणायचे, डेन्झिल जिंकल्यावर घड्याळ बघायचा, ड्युटी असायची त्याला. कोणी पोझ देऊन फोटो काढला तर, ह्याला लग्न जमवायचं आहे काय. एकदा मी म्हटलं, मामा, तुम्हाला कोणीच कसा पटत नाही? तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच डावा हात खाली सोडून बसले आहे.

तर अशा माणसाच्या गावात प्रज्वल निघाला. आर्वीपासून जवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याचा एकुलता पोरगा. उंच, शिडशिडीत, बोलायला लाजाळू, आणि हात असा सुटायचा की समोरचा खाली बसल्यावरच लोकांना कळायचं काय झालं ते. राज्य स्पर्धेत त्यानं सगळ्यांना पाडलं, देशाच्या स्पर्धेसाठी निवड झाली, आणि आमच्या गावाला एकदम बॉक्सिंगचं वेड लागलं. ज्यांना तोवर कॅरम आणि बॉक्सिंग यांतला फरक सांगता आला नसता, ते चहाच्या टपरीवर अपरकटवर बोलू लागले.

गावात एक दादा होते. स्वतःला क्रीडाप्रेमी म्हणवून घ्यायचे, म्हणजे दुसऱ्यानं घाम गाळला की ह्यांनी शाल घेऊन पोचायचं. त्यांनी एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लावला. त्यात दादांचा चेहरा टोपलीएवढा, प्रज्वलचा वाटीएवढा, आणि वर ठळक अक्षरांत: 'डेन्झिलला विसरा, प्रज्वल आला!' डेन्झिलचं नाव आर्वीत कशाला? मामांना डिवचायला, दुसरं काय. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर तीन दिवस तोलणंच चाललं होतं. डेन्झिल मोठा की प्रज्वल? डेन्झिलची लढत बापजन्मात न पाहिलेल्या माणसांनी प्रज्वलच्या बाजूनं कौल दिला आणि वर टाळ्यांची चित्रं टाकली.

मामा दुकान बंद करून फ्लेक्सखाली जाऊन उभे राहिले. शाळेत शिकवून परत येताना मी त्यांना तिथं पाहिलं आणि स्कूटी थांबवली. मला वाटलं, आता शिव्या देतील. पण ते नुसते वाचत होते. म्हटलं, मामा, मनावर कशाला घेता, पोरगा खरंच चांगला आहे. तर म्हणाले, "समजत नाई व तुले. तो मोठा झाला त डेन्झिल लहान होते. आन् डेन्झिल लहान झाला, त मंग मी कोण? रस्त्यावरच्या कोण्याबी माणसानं नाक फोडलेला बांगडीवाला." मला आधी हसू आलं. मामी गेल्या, मुलगा पुण्याला, मशीनच्या बांगड्या आल्यापासून दुकानातलं गिऱ्हाईक तुटलेलं. ह्या माणसाजवळ खरोखरच ते एक हरणं सोडून काही शिल्लक नव्हतं.

मग सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पेढे, आणि प्रत्येक वक्त्याची स्वतःवर वीस मिनिटं. प्रज्वल खुर्चीत अंग चोरून बसला होता. त्याच्या मांडीवर नारळांची रास लागलेली. शेवटी दादांना लहर आली. गंमत म्हणून त्यांनी मामांना स्टेजवर ओढलं, माइक हातात दिला आणि म्हणाले, सांगा काका, डेन्झिल मोठा की आमचा प्रज्वल? सगळा मांडव आधीच हसत होता. मामांनी माइक नाकापासून लांब धरला, कारण शिट्टी ऐकू येत होती. म्हणाले, "ह्या पोराले आधी कोणी चांगल्या माणसानं हारवू द्या. मंग पाहू." आणि खाली उतरले.

हसणं थांबलं. पोराचा चेहरा उतरला. त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला. मामी गेल्यापासून मामा आमच्याकडेच जेवायचे. घरी आल्यावर मी त्यांना बोल बोल बोलले. एवढ्या लहान पोराला भर स्टेजवर असं बोलतात का? मामा जेवत होते. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले.

आणि पोरगा खरंच हरला. पहिल्याच लढतीत. हरियाणाच्या एका मुलानं त्याला पाडलं, पुन्हा पाडलं, आणि दुसऱ्या राउंडमध्ये रेफरीनं लढत थांबवली. सगळं मोबाइलवर दिसलं. त्यानंतर माझ्या गावानं जे केलं ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगते. रातोरात फ्लेक्स उतरला आणि त्या जागी दादांच्या वाढदिवसाचा लागला. ग्रुपवर प्रज्वलच्या पडण्याच्या चित्रफितीला गाणं लावून ती कोणीतरी फिरवली आणि ज्यांनी टाळ्या टाकल्या होत्या त्यांनीच हसण्याची चित्रं टाकली. वर, डेन्झिलमामांची जीभ काळी, असंही ठरलं. काही शहाणे दुकानात येऊन मामांना म्हणाले, तुम्ही बरोबर होता, डेन्झिलची सर कोणाला नाही. मामांनी त्यांना काही घ्यायचं आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर रस्ता दाखवला.

आठवड्यानं कळलं की प्रज्वल घराबाहेर पडत नाही, धड जेवत नाही, आणि बॉक्सिंग सोडून पुण्याला कंपनीत कामाला जायचं म्हणतो. मामा मला म्हणाले, गाडी काढ. मी मनात म्हटलं, झालं, म्हातारा जखमेवर मीठ चोळायला निघाला. डेन्झिल वाचला होता ना त्यांचा! तरी नेलं.

प्रज्वलची आई नुकतीच कापूस वेचून आली होती, ओटीत बोंडांचा कचरा तसाच. तिनं मामांना पाहून आधी दारच अडवलं. स्टेजवरचं ती विसरली नव्हती. मग काय वाटलं कोण जाणे, बाजूला झाली आणि चहा ठेवायला गेली. पोरगा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. नाकावर पट्टी, डोळा काळानिळा. मामा खाटेच्या कडेला टेकले. पाया पडायला तो उठू लागला, तसं त्यांनी खांदा दाबून त्याला निजवलं.

"किती खेपा पडला?"

"दोन."

"उठला?"

"हो. दोनी खेपा. मंग रेफरीनंच थांबवली. मी खेळत होतो अजून."

आत स्टो फरफरत होता. मग ते बोलले, आणि त्यांचा आवाज नेहमीचाच होता, कोणाला तरी झिडकारताना असायचा तसा.

"हे गाव तुले डेन्झिलशी तोलून राह्यलं. गाढव हाय हे गाव. तुले तोलाचंच असन त माह्याशी तोल. मी एकच खेप पडलो. डोकं साफ होतं माह्यं. रेफरीचा एकेक आकडा ऐकू येत होता. उठता येत होतं मले. नाई उठलो. म्हटलं, डेन्झिलच्या हातानं पडलो, आता कोण नावं ठेवते? पन्नास वर्स झाले. मी अजून तिथंच पडून हाय. पुण्याले जाचं असन त जाजो, पण हारलो म्हणून नको जाऊ. हारला मी हाय."

चहाचे कप घेऊन त्याची आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मामांनी बशीत ओतून चहा प्यायला, साखर जास्त झाल्याचं सांगितलं आणि उठले. बाहेर आल्यावर मी विचारलं, मामा, हे खरं आहे? की पोरासाठी रचलं? ते म्हणाले, "मार खाल्लेल्या माणसाले खोटं लवकर समजते. चाल, दुकान उघडाचं हाय."

प्रज्वल दुसऱ्या दिवशी पहाटे पळायला निघाला, हे त्याच्या आईनं वावरात सगळ्यांना सांगितलं. का निघाला, हेही सांगितलं. बिचारीनं उपकार म्हणूनच सांगितलं. पण वावरातून बाजारात यायला गोष्टीला कितीसा वेळ लागतो? झालं. दादांना कळलं, ग्रुपला कळलं. डेन्झिलनं पाडलं नाही, मामाच झोपले होते! लोकांनी पोट धरधरून हसून घेतलं. दुकानासमोरून जाताना पोरं दहापर्यंत मोजू लागली. मामांना डेन्झिल म्हणणं गावानं बंद केलं. ज्या गावानं ते नाव चिडवायला ठेवलं होतं, त्यानंच ते बक्षीस परत मागावं तसं काढून घेतलं. त्यातल्या एकालाही कधी कोणाचा ठोसा लागलेला नाही. चटईवर कधी पाठ टेकलेली नाही. ह्यांची पाठ टेकते ती दुपारी जेवणानंतर.

मी भांडायला निघाले होते, मामांनी जाऊ दिलं नाही. ते गादीवर बसत, बांगड्या चढवत, पण आता गप्प. बायकाच आपणहून विचारायच्या, मामाजी, तो डेन्झिल डावा पाय कुठं ठेवायचा? ते म्हणत, आठवत नाही. खोटं बोलत होते.

पुढच्या वर्षी त्यांच्या छातीत पाणी झालं. सेवाग्रामच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी शाळेतून रजा काढून जवळ राहिले. भेटायला येणारे असे किती? कोणी नाही. एका दुपारी वॉर्डाच्या दारातून प्रज्वल आत आला, पाठीला बॅग, तोंडावर प्रवासाची धूळ. स्टेशनवरून सरळ आला होता. त्याच स्पर्धेतून, आणि ह्या वेळी पदक घेऊन. आर्वीत त्याच्यासाठी उघडी जीप आणि बँड ताटकळत उभा आहे, दादांचे फोनवर फोन येत आहेत, हे त्यानंच ओशाळून सांगितलं. फोन बंद करून खिशात टाकला.

मामांनी डोळे उघडले. श्वासाला धाप होती, तरी आधी त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"किती खेपा पडला?"

"एक बी नाई, मामाजी. जिंकलो. तोच होता, हरियाणाचा."

मामांनी त्याच्याकडे इतकं कंटाळून पाहिलं, की मला वाटलं, आता भाजीत मीठ कमी असल्याचं सांगतात.

"मंग सांगाले काय आला?" म्हणाले, आणि मोठ्या कष्टानं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

पोरगा पदक हातात धरून तसाच उभा. मी त्याला स्टूल ओढून दिलं. म्हटलं, बस, चिडले म्हणजे बरे आहेत. तो बसला आणि बसूनच राहिला, अंधार पडेपर्यंत. आर्वीत बँडवाले वाट पाहून घरी गेले.

बरे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं त्यांना उठवायला हाक मारली, तेव्हा ते गेलेले होते.