पॉलिनबायची जादाची रात्र

वसईकडच्या वटार गावात पॉलिनबायचं घर विचारलं, तर सांगणारा आधी हसतो आणि मग वाट दाखवतो. त्या हसण्यात कुचकेपणा नसतो. पॉलिनबाय आहेच तशी. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. कुणाकडे मयत असो की बाप्तिस्मा, पदर खोचून सगळ्यांच्या आधी चुलीपाशी हजर. बाई सोन्यासारखी, पण एक खोड. तिला कुठलीही गोष्ट एक पुरत नाही.

मेथीची जुडी घेतली की वरून चार काड्या ओढणारच. लग्नाचं जेवण आटपून निघाली की पिशवीत "लुईससाठी" म्हणून डबा असतो, आणि तो लुईस, तिचा नवरा, पोटभर जेवून, सुपारी चघळत तिच्या शेजारूनच चालत असतो.

हे झालं संसाराचं. तिचा खरा जीव मात्र देवाघरच्या वस्तूंवर. झावळ्यांच्या रविवारी लोक आशीर्वाद दिलेली एक झावळी घेऊन घरी जातात. ही तीन आणते. एक दाराला, एक विहिरीला आणि एक "असू दे". आशीर्वादित मेणबत्त्या कपाटात इतक्या, की लावल्या तर अख्खी आळी उजळेल. पण वीज गेली की ही मोबाइलचा उजेड करते, मेणबत्तीला हात लावू देत नाही. एकदा राखेच्या बुधवारी "माणसा, तू माती आहेस" म्हणत फादरांनी कपाळावर लावलेली राख अंमळ कमी वाटली, म्हणून ती दुसऱ्या रांगेत पुन्हा उभी राहिली होती. फादरांनी ओळखलं आणि म्हणाले, "पॉलिनबाय, माती एकदाच व्हायचंय."

लुईस एसटीतून निवृत्त झालेला, थोडं बोलणारा माणूस. पण बोलला की टोचायचा.

"तू स्वर्गात पोचलीस ना, तर दारातच संत पेत्राला सांगशील, एक खोली मला राहायला आणि एक सामानाला."

"सांगेन की! आणि तुम्हाला त्या सामानाच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावीन."

तिचं म्हणणं एकच होतं. पैशाची हाव वाईट, जमिनीची हाव वाईट, हे तर शास्त्रातच आहे. पण देवाच्या वस्तूची हाव, ती कसली हाव? ती तर भक्ती. लोभाची गंमत हीच आहे. बाजारात तो उघडा फिरतो म्हणून ओळखू येतो. देवघरात शिरताना तो चपला बाहेर काढतो, डोकं झाकून घेतो, आणि मग आपणच त्याला बसायला पाट देतो.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. या महिन्यात मरियामातेची मूर्ती घरोघर फिरते. एक घर, एक रात्र. संध्याकाळी शेजारपाजार जमतो, जपमाळ म्हणतो, भजनं होतात, उकडलेले चणे वाटले जातात. दुसऱ्या संध्याकाळी सगळे मिळून गात गात माउलीला पुढच्या घरी पोचवतात. यंदा पॉलिनबायचा वार रविवारचा आला. तिच्यानंतर विभागातलं एकच घर उरलं होतं, विनिताचं, सोमवारी. मंगळवारी मूर्ती दुसऱ्या विभागात जायची.

विनिता मूळची नगरकडची. नवरा वालीवला एका कारखान्यात कामाला. दोघं दोन वर्षांपासून रामनाथभाऊंच्या वाडीतल्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत. आजवर भाडेकरूंकडे मूर्ती न्यायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. यंदा विभागप्रमुख कॉन्रॅडनं तिचं नाव आपणहून घातलं, तेव्हापासून पोरीचे पाय जमिनीवर नव्हते. भिंतीला चुना काढला, उशांचे अभ्रे शिवले. रामनाथभाऊ धर्मानं हिंदू, पण त्यांनीही घरातला शिसवी चौरंग पुसून दिला. म्हणाले, "आमच्या वाडीत देवाची आई येणार, ती काय प्लास्टिकच्या स्टुलावर बसेल?"

रविवारची रात्र पॉलिनबायनं गाजवली. शेवंतीच्या माळा छतापासून जमिनीपर्यंत. ओटीवर माणसं मावेनात, निम्मी अंगणात. चण्याचं पातेलं तर असं, की लुईसनं विचारलं, "हे गावाला आहेत की गावातल्या घोड्यांना?" सगळे वाखाणून गेले. रात्री दिव्याच्या उजेडात माउलीचा चेहरा बघताना पॉलिनबायचा ऊर भरून आला आणि त्या भरलेल्या उरात एक विचार हळूच येऊन बसला. उद्या ही जाणार. एक रात्र तरी अजून राहिली तर?

निमित्त तयारच होतं. पुण्याला असलेला मुलगा फ्रेडरिक सोमवारी सुट्टी काढून येणार होता, नात ओवीला घेऊन. सोमवारी सकाळी तिनं कॉन्रॅडला फोन लावला.

"कॉन्रॅड, अरे माझी ओवी येतेय आज. पोरीनं माउलीला आपल्या घरात बघितलंच नाही कधी. आजची रात्र राहू दे ना."

"पण पॉलिनबाय, आज विनिताकडे आहे. उद्या मूर्ती दुसऱ्या विभागात द्यायची. तिची पाळीच जाईल."

"तिला पुढच्या वर्षी पहिला नंबर देऊ. तरुण आहे, तिला काय घाई? आणि ती खोली केवढी, माणसं बसणार कुठं? त्यात वाडीच्या वाटेवर हा चिखल. मूर्ती हातातून निसटली म्हणजे?"

चिखल मुळीच नव्हता. आठवडाभर कडकडीत ऊन होतं, पण कॉन्रॅड दिवसभर विरारला कामावर, तो काय येऊन बघणार? त्यातून पॉलिनबायनं त्याच्या आईच्या आजारपणात महिनाभर डबा पोचवला होता. तो नाही कसा म्हणणार? "बरं, विनिताला सांगतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

लुईस दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "चिखल कुठाय गो?"

"तुम्ही पेपर वाचा."

दुपारी पॉलिनबाय चण्यांकडे वळली. रात्रीचे अर्धं पातेलं चणे उरले होते, आज परत वाटायला होतील म्हणून तिनं झाकून ठेवले होते. झाकण काढलं आणि नाकाला पदर लावला. ऑक्टोबरचा उकाडा. वर पांढरा फेस, खाली बुळबुळ, आणि वास असा की मांजरसुद्धा उंबऱ्यावरून मागे फिरलं.

पॉलिनबायनं आठ वर्षं पॅरिशमधल्या मुलांना धर्मशिक्षण दिलं होतं. तिचा सगळ्यांत आवडता धडा मान्नाचा. रानात इस्राएल लोकांना देव रोज सकाळी आकाशातून भाकर देई, त्या दिवसापुरती. काहींनी उद्यासाठी लपवून ठेवली, तर सकाळी तिच्यात किडे. ते किडे ती फळ्यावर खडूनं इतक्या हौसेनं काढायची की पोरं किंचाळायची. आता हातात झाकण घेऊन ती उभी राहिली आणि तो फळा तिच्या डोळ्यांसमोर आला. "उकाड्यानं आंबलेत," ती मोठ्यानं म्हणाली, आणि पातेलं उचलून केळीच्या बुंध्याशी ओतून आली.

चार वाजता फ्रेडरिकचा फोन. "आई, साहेबांनी सुट्टी कापली गं. आता दिवाळीतच येतो. ओवी रडतेय, तिला देऊ फोन?"

ओवीची समजूत काढून पॉलिनबायनं फोन खाली ठेवला. निमित्त संपलं होतं. आता कॉन्रॅडला कळवायचं आणि मूर्ती धाडायची, एवढंच काम. तिनं फोन पुन्हा हातात घेतला. मूर्तीकडे बघितलं. फोन खाली ठेवला. मग देव्हाऱ्यातल्या मेणबत्तीची वात उगाचच नीट करत बसली.

"कळवलंस?" लुईसनं विचारलं.

"एव्हाना सगळीकडे निरोप गेला असेल. आता सगळ्यांना कशाला पळवायचं?"

"हं," लुईस म्हणाला. त्याचा हा "हं" पॉलिनबायला प्रवचनाहून जड जायचा.

साडेसातला दोघं जपमाळेला बसली. कालची शेवंती माना टाकून लोंबत होती. कुणीच आलं नाही, येणार तरी का? पाळी विनिताची होती. एरवी घर दणाणून सोडणारा पॉलिनबायचा आवाज आज ओठांतच घोटाळत होता. मूर्ती समोरच होती, कालच्याच जागी, पण पॉलिनबायला वाटलं आपण कुणाला तरी कोंडून ठेवलंय आणि त्याच्याचपुढे हात जोडून बसलोय.

तेवढ्यात वाऱ्यावरून गाणं आलं.

आधी ढोलकी. मग टाळ्या. मग पंचवीस-तीस गळे एकदम. रामनाथभाऊंच्या वाडीतून येत होतं.

"हे काय?" पॉलिनबाय उठून खिडकीशी गेली.

"विनिताकडे जपमाळ चाललीय," लुईस बसल्या जागेवरून म्हणाला. "मघाशी दुधाला गेलो तर कॉन्रॅड भेटला. तिला सांगितलं, मूर्ती येणार नाही. तर म्हणे, येऊ द्या माणसांना, माझे चणे भिजलेत. चौरंग तसाच मांडलाय, फुलं घालून. मोकळा."

"मोकळा?"

"मोकळाच. वर बसायची ती तर तू इथं बसवून घेतलीयस ना."

गाणं थांबलं. जपमाळेत पाच रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग, एकेक करून म्हणतात; आज सोमवार, आनंदाची रहस्यं. विनिताचा नगरी ठसक्याचा आवाज अंधारातून लख्ख ऐकू आला. "दुसरं रहस्य. मरिया आपली नातेवाईक अलिशिबा हिच्या भेटीला घाईघाईनं जाते."

पॉलिनबायनं खिडकीचे गज धरले. हे रहस्य तिनं आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल! आणि आज पहिल्यांदाच तिला त्यातली घाई दिसली. देवाची आई होणार हे कळल्यावर ती बाई आपला आनंद कवटाळून घरात बसली नाही. उठली, डोंगर चढून दुसरीच्या दारात गेली. जिला जायची अशी घाई, तिला आपण शेवंतीच्या माळांनी बांधून ठेवलंय. मूठ आवळून प्रार्थनेला बसलोय आपण. आवळलेल्या मुठी जोडणार कशा?

"अहो, उठा!"

"कुठं?"

"कुठं काय, बॅटरी घ्या! तिसरं रहस्य सुरू व्हायच्या आत पोचायचंय."

लुईस आयुष्यात इतक्या चपळाईनं कधी उठला नव्हता. पॉलिनबायनं पदर कमरेला घट्ट खोचला, मूर्ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि अनवाणी निघाली. लुईस पुढं बॅटरी मारत, मागं वळून वळून, "हळू गो, चिखल आहे!"

"गप्प बसा!" ती म्हणाली. आणि मग वाडीच्या मधोमध, सुपारीच्या झाडांखाली, तिला असं हसू फुटलं की मूर्ती सांभाळायला थांबावं लागलं. लुईसही हसायला लागला. एकमेकांना सावरत दोघं विनिताच्या अंगणात पोचली, तेव्हा तिसऱ्या रहस्यातल्या दहापैकी चार "नमो मारिये" म्हणून झाल्या होत्या.

जपमाळ मध्येच थांबली. सगळ्यांच्या माना वळल्या. खोलीत सहा माणसं आणि बाकी सगळी अंगणात चटयांवर. चौरंगावर मोगऱ्याची फुलं, मधली जागा मोकळी.

विनिता उठून पुढं आली. तिच्या डोळ्यांत पाणीही होतं आणि विश्वासही बसत नव्हता. "काकू? पण... कॉन्रॅडदादा म्हणाले, चिखल..."

"चिखल नव्हता, पोरी." पॉलिनबायचा आवाज सगळ्या अंगणाला ऐकू गेला, तिला दुसरा आवाज येतच नव्हता. "पाहुणेही आले नाहीत. मला ती सोडवत नव्हती, एवढंच. तुझी रात्र मी खाल्ली असती गं. घे, तुझी आहे, धर."

विनितानं मूर्ती घेतली नाही. तिनं पॉलिनबायच्या हातांखालून आपले हात घातले आणि म्हणाली, "काकू, एकटीला नाही पेलायची. दोघी मिळून ठेवू."

आणि दोघींनी मिळून माउलीला चौरंगावर बसवलं. ढोलकीवाल्या पोराला कुणी सांगावं लागलं नाही. असा काही ठेका धरला त्यानं, की रामनाथभाऊंची म्हातारी आईसुद्धा ओट्यावरून टाळ्या वाजवायला लागली. कॉन्रॅड डोळे पुसत पुटपुटला, "पॉलिनबाय, तुझ्यापुढं हात टेकले," तर ती म्हणाली, "माझ्यापुढं नको, तिच्यापुढं टेक, आणि सरक तिकडं, मला बसू दे."

"मग आता चौथं रहस्य घ्यायचं ना?" कुणीतरी विचारलं.

रामनाथभाऊ दाराशी उभे होते. ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "मला तुमच्यातलं कळत नाही. पण चौरंगावरची मालकीण आत्ता आली. तिच्यामागं झालं ते तिनं ऐकलंच नाही. मग पहिल्यापासून नको का?"

"आता पहिल्यापासून?" मागून एक पोरगं कळवळलं. "चणे कधी मिळणार?"

अंगणभर हशा पिकला. विनितानं पॉलिनबायकडे बघितलं. पॉलिनबायनं मांडी ठोकून चटईवर बसकण मारली, जपमाळेचा क्रूस बोटांत धरला आणि कपाळाला हात नेला.

"पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं," तिनं सुरुवात केली, आणि तो तिचा मूळचा आवाज होता. सुपारीच्या शेंड्यांवर झोपलेले कावळे उडाले.