मोठ्या आईची दोन बोटं

मी आज जो काही आहे, तो माझ्या मोठ्या आईमुळे. मोठी आई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची, मोठ्या बाबांची, बायको. आर्वीजवळच्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या गावांत लग्नकार्यात लांब रोट्या करायला तिलाच बोलावतात. पाण्यासारखी सैल कणीक ती दोन्ही हातांवर खेळवायची, झोके देत देत पातळ करायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर अलगद अंथरायची. त्याच कमाईतून तिने मला शिकवलं. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच.

वर्ध्याला बी.एस्सी.ला असताना मी दर शनिवारी एसटीने घरी यायचो. मी हातपाय धुवेपर्यंत तिचा प्रश्न तयार असायचा, "काय शिकला बापू या हप्त्यात?" आणि एक तरी गोष्ट तिला सांगावीच लागे. पेशी, रक्तगट, मधमाश्या, सगळं तिने कणीक मळता मळता ऐकलं आहे.

अशाच एका शनिवारी मी तिला सॅलॅमँडरबद्दल सांगितलं. दिसायला सरड्यासारखा, पण बेडकाच्या नात्यातला, ओल्या अंगाचा प्राणी. आपल्या भागात तो सापडत नाही. त्याचा पाय तुटला तर पुन्हा येतो, हाडासकट, बोटांसकट.

"म्हनजे पालीच्या शेपटीवानी?"

"त्याहून भारी. पालीच्या नव्या शेपटीत खरं हाड नसते, नुसती कूर्चा असते. याचा पाय होता तसाच येते."

"मंग त्याले दवाखान्याचं कामच नाई," ती हसली. "कुठी राहते तो?"

"पान्यात," मी म्हणालो. काही सॅलॅमँडर जमिनीवरही राहतात, ते सांगायचं राहून गेलं.

पोळ्यानंतर बैलांसाठी कडबा कापताना कुट्टीच्या यंत्रात तिचा डावा हात गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, ती जोडता आली नाहीत. वर्ध्याच्या दवाखान्यातून ती घरी आली. महिनाभराने तुळशीच्या लग्नानंतरच्या एका मोठ्या लग्नाचं बोलावणं आलं, तेव्हा तिने निरोप्याला सांगितलं, "थांबा थोडं. बोटं आली का सांगतो."

सगळ्यांना वाटलं, दुखण्यात काहीतरी बोलून गेली.

पुढच्या खेपेला ड्रेसिंगसाठी मीच तिला दवाखान्यात नेलं. पट्टी सोडली तर आतली कातडी पांढरी पडून भिजक्या कागदासारखी झाली होती. डॉक्टर रागावले. "हात पाण्यात घालता काय?"

"फडकं ओलं ठेवतो," ती म्हणाली. "रातीबी बदलतो."

"कोणी सांगितलं असं करायला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझी अडचण होऊ नये म्हणून म्हणाली, "कोनी नाई. माह्याच मनानं."

परतीच्या एसटीत तिने खिडकीकडे तोंड करून विचारलं, "त्या पान्यातल्या सरड्याचं येते, मंग माहं काऊन नाई येऊन राह्यलं?"

"सोमवारी मॅडमले विचारतो," मी म्हणालो.

"विचार. पन खरं असन ते सांगजो. लग्नवाले अडून आहेत. येनार असन त मी वाट पाहीन. नसन येनार त त्यायले ताटकळत काऊन ठेवू?"

आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडम कडक होत्या. हसतील असं वाटलं होतं, पण मी सगळं सांगितल्यावर त्यांनी रिकाम्या वर्गात फळ्यावर चित्रच काढायला घेतलं. सॅलॅमँडरचा पाय तुटला की कातडी जखमेवरून झपाट्याने सरकते आणि ती झाकते, पण वण धरत नाही. त्या पातळ कातडीखाली जवळपासच्या पेशी गोळा होतात. स्नायूंच्या, कूर्चेच्या, त्वचेच्या पेशी आपलं ठरलेलं काम सोडून पुन्हा कोवळ्या होतात आणि त्यांची एक कळी तयार होते. त्या पेशींना आपण कुठल्या जागच्या, याची आठवण असते. मनगटापाशी तुटलं तर फक्त पंजा येतो, खांद्यापाशी तुटलं तर अख्खा हात. मज्जातंतूही तिथवर पोचावे लागतात, नाहीतर कळी वाढत नाही.

"आणि माणसात?"

"माणसाचं शरीर घाईने जखम बुजवतं. रक्त थांबावं, जंतू शिरू नयेत म्हणून वण घट्ट विणून टाकतं. त्यात जीव वाचतो, पण पुढची वाट बंद होते." खडू खाली ठेवून त्या म्हणाल्या, "लहान मुलांच्या बोटाचं टोक कधीकधी पुन्हा येतं, नखाचं मूळ शाबूत असेल तर. अख्खं बोट नाही येत. हे तिला सांग. आणि पाण्याचा यात काही संबंध नाही, हे आधी सांग."

तो शनिवार मला लांबवता आला असता तर बरं झालं असतं. मोठी आई अंगणात बाजेवर बसली होती, हातावर कोरडी पट्टी. या वेळी तिने काय शिकला म्हणून विचारलं नाही. मीच तिच्याजवळ बसलो आणि फळ्यावरचं सगळं काडीने मातीत काढून दाखवलं.

"म्हनजे नाई येत," ती म्हणाली.

"नाई येत."

"लहान लेकराचं टोक येते म्हनते?"

"कधीकधी."

"मले उशीर झाला मंग." ती हसली आणि पदराने डोळे पुसले. मग उठली. "लग्नवाल्यायले निरोप धाड. येतो म्हन. आन मडकं काढ वरचं."

जखम भरून पट्टी सुटली त्या संध्याकाळी तिने कणीक भिजवली. पहिली रोटी दोन बोटांच्या रिकाम्या जागेतून ओघळली आणि सरळ राखेत पडली. दुसरी मडक्यावर पोचली, पण तिला तीन भोकं होती. मोठे बाबा तीच घेऊन जेवायला बसले आणि उजेडात धरून म्हणाले, "काय वं, नकाशा केला का? ही वर्धा नदी, हे पवनार. आर्वी कुठी हाय?"

"तुमच्या पोटात जाईन आता, तिथंच पाहा," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी घरात सगळे मोठ्याने हसलो.

रोज ती करत राहिली. हळूहळू रोटीचा भार बोटांवरून मनगटावर आला, मग कोपरापर्यंतच्या हातावर. लग्नाच्या दिवशी मी पाणी भरायला गेलो होतो. पूर्वीसारखा तिचा हात झरझर चालत नव्हता, पण मडक्यावर पडलेल्या रोटीत एकही भोक नव्हतं.

पुढे एम.एस्सी. झाल्यावर मला एका प्रयोगशाळेत साहाय्यकाचं काम मिळालं. तिथे सॅलॅमँडर आहेत. मी त्यांचं पाणी बदलतो, त्यांना खायला घालतो, वाढीच्या नोंदी ठेवतो. फोनवर सांगायला लागलो तर ती म्हणाली, "फोनवरचं इकडून तिकडं उडून जाते. लिहून धाड, मी हळूहळू वाचीन." ती चौथीपर्यंत शिकली आहे. मी मोठ्या अक्षरात लिहिलं.

"मोठ्ये आई,

नमस्कार. तो पान्यातला सरडा मी डोयानं पाह्यला. गुलाबी अंगाचा, हसऱ्या तोंडाचा. त्याचा पुढचा एक पाय तुटेल होता. पयले तिथं मुगाच्या दान्याएवढी गाठ आली. मंग ती चमच्यावानी चापट झाली. मंग त्यात फटी पडल्या आन बोटं दिसू लागली, लहान लहान. मी रोज सकाळी पयले त्याच्याचकडे जातो.

तू म्हनली होती, खरं असन ते सांगजो. तर मानसाचं अजून निघालं नाई. इथले मोठे मोठे लोकबी अजून शोधूनच राह्यले. कवा निघन ते कोनाले ठावं नाई. निघालं का सगळ्यात पयले तुले सांगीन.

त्याची बोटं पाहून मले तुहीच याद येते. इथं रोटी भेटते, पन जाडी. दिवाळीत येतो. मडकं मी मांडीन, कनीक तू भिजव.

तोवर हात कोरडा ठेवजो."