पिशवी गेली, किडनी राहिली

आमचे मालक घोरायचे ते असं, की ऊसतोडीच्या तळावर शेजारच्या पाचटाच्या कोपीतली बाई म्हणायची, "तुमच्या घरात ट्रॅक्टर चालू हाय का गं?" मी हसायचे. दमलेला माणूस घोरणारच! पण मधेच त्यांचा श्वास थांबायचा, दचकून उठायचे, अन् दिवसा मोळी बांधता बांधता डुलक्या घ्यायचे. पाटोद्याच्या डॉक्टरनं बीपी बघून कपाळाला हात लावला.

गोळ्या वाढल्या, बीपी हटेना. झोपताना तोंडाला लावायचं हवेचं मशीन दिलं, ते मालक उपटून फेकायचे. थोरल्या दिरांना बीपीनंच लकवा मारलेला. मालकाचं बी तसंच होईल, याचं मला लई भ्या वाटायचं. शेवटी संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किडनीच्या नसांवर इलाज करून बघू."

किडनी म्हणताच माझं डोकंच फिरलं. "उठा हो, घरी चला! माझी पिशवी काढली, आता तुमची किडनी काढायला निघालेत!" कोयता घेऊन जाणाऱ्या आमच्या कितीतरी बायांची गर्भपिशवी अशीच गेलीय. पोट दुखतंय म्हणलं की काढा. पाळी नको अन् कामाला खाडा बी नको. मी तर तेव्हा तिशीची बी नव्हते.

बाई चिडल्या न्हाईत. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. "मावशी, काहीच काढायचं नाही. जांघेतून बारीक नळी घालून किडनीकडे जाणाऱ्या नसा आतून शेकायच्या. त्या शांत झाल्या की बीपी उतरू शकतं. हमी देत नाही. घोरणं यानं जाणार नाही, मशीन लावावंच लागेल. घरी जाऊन विचार करा. नाही म्हणालात तरी मी औषध देईनच."

विचार करून आमीच परत गेलो. मालकाला बाहेर आणल्यावर मी आधी त्यांचं पोट चाचपलं. टाका न्हाई, काही न्हाई, जांघेत नुसती पट्टी. "कावून बघती गं? लोक हायेत!" मालक लाजले.

बीपी हळूहळू उतरलं. गोळ्या कमी झाल्या, मशीन बी आता निमूट लावतेत. देवाच्या आधी मी त्या बाईला हात जोडते. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, "आता खूश ना, मावशी?" मला रडूच फुटलं. त्यांचे हात धरून म्हणलं, "लई उपकार झाले, बाई. माझ्या पिशवीच्या वेळंला मला असं आधी कुणी विचारलं असतं, तर मी न्हाई म्हणले असते."