बेचाळीस वड्या

जानेवारीतली सकाळ, कोरडी ठणठणीत. समुद्राकडचा वारा कानाच्या पाळ्या सोलत होता आणि खानावळीमागचा नळ गोठून बसला होता. एकशेऐंशी माणसांचे तांदूळ धुवायचे होते, म्हणून मी त्या नळावर किटलीतलं उकळतं पाणी ओतत होते. तेवढ्यात प्यो हान-सू फाटकातून आला. दोन्ही हातांत कापडात बांधलेली खोकी. पंपांचे सुटे भाग करणाऱ्या आमच्या कारखान्यात, खरेदी खात्यात, त्याची अकरा वर्षं झालेली. वर्षभराच्या रजेनंतर आज परत येत होता.

"मावशी, गरम आहे तोवर तोंडात टाका," म्हणत त्यानं तांदळाची उकडलेली वडी माझ्या ओल्या हातावर ठेवली. वर लाल चवळीचा चुरा. "गिरणीवाल्याला पहाटेच उठवलं. वरच्या ऑफिसापुरत्या मोजून बेचाळीस केल्यात."

"बायकोला नाही ठेवलीस?"

"तिला काल दमच दिलाय, हात लावायचा नाही म्हणून."

मी उभ्या उभ्याच खाल्ली. लांब रजेवरून परतणाऱ्यानं वड्या वाटायच्या, ही आमच्याकडची रीत. माझं ओझं तुम्ही वाहिलंत, आता पुन्हा पंगतीत घ्या, एवढंच त्यात सांगणं.

रजा पोरीसाठी होती. सो-दाम सातव्या महिन्यातच जन्मली, तळहाताएवढी. वर्षभर कुणीतरी तिच्या उशाशी पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं. बायको मि-रान कंत्राटी. तिनं रजा मागितली असती तर तिच्या खुर्चीत दुसरी बसली असती. हान-सूची नोकरी पक्की. म्हणून कायद्यानं मिळते ती बापाची रजा त्यानं घेतली. आमच्या कारखान्यात ती घेणारा तो पहिला पुरुष.

दहा वाजता जवाचं गरम पाणी घेऊन मी वर ऑफिसात गेले. प्रत्येक टेबलावर एकेक वडी, वेष्टनासकट, तशीच. हान-सूचं टेबल मात्र जागेवर नव्हतं. ते संडासाच्या वाटेवर, फायलींच्या कपाटाला खेटून, भिंतीकडे तोंड करून लावलेलं. त्यावर फोन नाही, संगणक नाही, नुसता एक लिफाफा. आत राजीनामा टाइप करून तयार होता, फक्त सहीऐवजी मारायच्या त्याच्या शिक्क्याची जागा मोकळी.

"तुमचं काम अजून ठरलं नाही, प्योजी," खात्याचे छोन साहेब म्हणाले. "तोवर इथं बसा. वाचायचं नाही, मोबाईल बघायचा नाही. उठलात तर वहीत वेळ लिहा."

म्हणजे मुतायला जायचं तरी नोंद.

जेवायला तो खाली आला तर त्याच्या बाकावर कुणी बसेना. पलीकडून एक लेथवाला ओरडला, "काय प्योबाई, दूध आटलं वाटतं!" सगळे हसले. हान-सूही हसला.

संध्याकाळी खरकट्याच्या पिंपाशी दोन पिशव्या येऊन पडल्या. त्यात त्या वड्या. खाऊ नका असं कुणी सांगितलं होतं, की सगळ्यांना न सांगताच कळलं, देव जाणे. पिंपात प्लास्टिक चालत नाही. म्हणून एकेक वेष्टन सोडवायचं, वडी पिंपात, वेष्टन पिशवीत. हान-सू घरी जाता जाता थांबला. बाह्या सारून माझ्याबरोबर सोडवायला बसला. शेवटी म्हणाला, "एक्केचाळीस."

"असतील."

"एक कमी आहे, मावशी. कुणीतरी खाल्ली."

त्याचा चेहरा असा उजळला की मी जीभ दातांखाली धरली. ती एक माझ्या पोटात होती.

मग तो बसला, रोज नऊ ते सहा, भिंतीसमोर. मि-रानचं कंत्राट उन्हाळ्यात संपणार होतं. ही नोकरी गेली तर घरात पक्कं असं काहीच उरणार नव्हतं. छोन साहेब दर सोमवारी लिफाफा थोडा पुढं सरकवायचे, हा मागं सरकवायचा. माझ्याकडून भात वाढून घेताना हळूच सांगायचा, "आज जिन्यात एकानं दार धरून ठेवलं. वडी खाणारा तोच असेल." दुसऱ्या दिवशी दुसराच कुणीतरी. त्याच्या शर्टाची कॉलर सैल होत चालली होती. मी वरच्या पातळ रश्श्याऐवजी डाव बुडवून तळाचा मुळा नि मांस वाढायचे, आणखी काय करणार?

मार्च लागला, त्याचा भिंतीसमोरचा सातवा आठवडा. भात घेताना म्हणाला, "मावशी, पोरगी पहिल्यांदा धरून उभी राहिली."

"अगं बाई! मग वड्या वाट की! तुझ्या त्या दिवशीच्या वडीची चव अजून जिभेवर आहे बघ..."

डाव माझ्या हातातच राहिला.

त्यानं ताट धरलं होतं तसंच धरून ठेवलं. "नळापाशी," तो म्हणाला. "तुम्हाला दिली होती मी."

मागं रांग खोळंबली होती. खोटं सांगावं हे सुचायच्या आत मी बोलून गेले, "हो रे बाळा."

"बेचाळिसातलीच."

"हो."

"बरं," म्हणाला आणि बसायला गेला. नेहमी आधी चहूकडे नजर फिरवायचा. त्या दिवशी ताटातच बघत जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला त्यानं राजीनाम्यावर शिक्का मारला. छोन साहेबांनी म्हणे दोन्ही हातांनी कागद घेतला, अगदी अदबीनं. अकराला तो खाली आला. खोक्यात ऑफिसातल्या चपला, दात घासायचा कप, पोरीचा फोटो. जेवणाला वेळ होता, तरी मी वाढलं.

"माझंच तोंड जळो," मी म्हटलं.

"तुम्ही खाल्लीत तरी, मावशी."

"मि-रानला काय सांगशील?"

"आज नाही सांगणार."

त्यानं सगळं संपवलं. ताट उचलून पिंपाशी नेलं, चिकटलेली शितं चमच्यानं खरवडली, वाटी वाट्यांत ठेवली, चमचा चमच्यांत. मग फडकं पिळून आपण बसला होता तेवढा बाक पुसू लागला.