राक्षसाचे उरलेले दोन हात

महालिंगप्पाबद्दल मुरूम गावात कुणी काहीही बोलो, आणि आमची आळी बोलायची थांबते कधी, पण एक गोष्ट त्याचे वैरीसुद्धा कबूल करायचे. त्यानं खोललेलं इंजन परत बांधून झालं की खाली अंथरलेल्या पोत्यावर एक वायसरही उरायचा नाही. बहात्तरच्या दुष्काळात गडी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला, तो रोलरच्या ड्रायव्हरच्या मागंमागं हिंडून मिस्त्री होऊनच परतला. तेव्हापासून सोसायटीच्या विहिरीवरचं इंजन त्याच्या ताब्यात आणि इंजनखोलीची किल्ली त्याच्या करदोट्याला. बायको गजराबाई म्हणायची, "माझ्या डोरल्यापरीस ती किल्लीच जास्त झिजलीया."

त्र्याऐंशी साली त्याच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. जाड भिंगाचा चष्मा आला. पहिल्याच आठवड्यात त्यानं चेअरमन महांतप्पांच्या म्हशीला "नमस्कार मालक" म्हणून हात जोडले, असं सांगतात. यात थोडा मसाला आमच्या आळीचा असेल, पण म्हैस खरी होती. झालं, सेक्रेटरी उत्तरेश्वरनं किल्ली काढून घेतली.

"आप्पा, राग धरू नका. पाऊस न्हाय, सगळं गाव त्या एका इंजनावर पाणी पितंय. कमिटीत उमरग्याचा मिस्त्री आणायचं चाललंय."

"आरं, मला दिसतंय की!"

"दिसतंय न्हवं? मग हे सोमवारपर्यंत जोडून दाखवा."

असं म्हणून त्यानं एक खोकं पुढं केलं. सेक्रेटरीच्या जावयानं मस्कतहून पाठवलेलं, त्यानं एकदा उघडून घाबरून मिटून ठेवलेलं. वर रंगीत चित्र होतं: घराएवढा लोखंडी राक्षस, डोक्याला शिंगं, मुठीत बंदूक. आत प्लॅस्टिकच्या काड्यांना चिंचा लगडाव्यात तसे शंभरावर तुकडे. सोबत जोडणीचा जपानी कागद. अक्षरं रांगोळीसारखी दिसायला छान, वाचायला शून्य. आकडे तेवढे ओळखीचे.

दुपारी ओसरीवर पोतं अंथरून महालिंगप्पा बसला. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, ताटल्यांत तुकडे आकड्यांप्रमाणं लावले. ब्लेडनं कापायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, आणि गजराबाईच्या सुईच्या टोकावर सोल्यूशन घेऊन, श्वास रोखून चिकटवायचा. शेजारची सखूबाई रोज कुंपणापाशी थांबायची.

"काय हो आप्पा, बाहुला करताय? नातवंड न्हाय, अन् बाहुला कुणाला?"

"तुलाच देतो. तुझ्या तोंडाला तरी उत्तर देईल."

एक सवय मात्र त्याला सोडवेना. जिथं काही फिरायचं, वळायचं, तिथं सोल्यूशन न लावता काडीनं इंजनाचं ग्रीस लावायचा. खांदा, गुडघा, मनगट, काही म्हणून कोरडं ठेवलं नाही.

शनिवारी राक्षस पोत्यावर ताठ उभा राहिला. महालिंगप्पानं चष्मा पुसला, ताटली उचलली, आणि ती तिथंच परत टेकवली. ताटलीत दोन हात उरले होते. उघड्या पंजाचे. राक्षसाच्या दोन्ही मुठी तर जागच्या जागी होत्या.

गजराबाईनं बघितलं. "त्यात काय? तुळजापूरच्या आईला आठ हात हायत. याला चार झाले तर काय बिघडलं? लावा की पाठीला."

सुईवर सोल्यूशन घेऊन त्यानं एक पंजा पाठीला नेलासुद्धा. मग हात मागं घेतला.

"भोक न्हाय, गजरे."

"मग पाडा."

"भोक पाडून बसवलेला तुकडा माझ्या इंजनात कदी बघितलास?"

"मग चुलीत घाला अन् गप बसा. कोण मोजाय येणार हाय?"

 दोन्ही पंजे काडेपेटीत घालून त्यानं पेटी सदऱ्याच्या खिशात ठेवली. रविवारी त्याला जेवण गेलं नाही.

सोमवारी कमिटीपुढं टेबलावर राक्षस उभा. चेअरमन महांतप्पांनी त्याची मान फिरवली, गुडघा वाकवला, सांध्यावरून नख ओढलं. "यप्पा, सांधाच कळंना की!" सेक्रेटरीनं खोक्यावरचं चित्र शेजारी धरलं, शिंगापासून पायापर्यंत तपासलं आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"पास, आप्पा. घ्या."

किल्ली वीतभर अंतरावर. महालिंगप्पाचा हात निघाला, पण वाट बदलून खिशात गेला आणि काडेपेटी घेऊन बाहेर आला.

"थांबा. दोन उरलेत."

"उरलेत? तुमचं?" सेक्रेटरीचा चेहराच उतरला. किल्लीवर त्याचा हात परत आला. काय ते नीट बघावं म्हणून महांतप्पांनी राक्षसाची बंदूक धरलेली मूठ पकडली, तर मूठ अलगद निघून त्यांच्या बोटांत आली.

"अगागा! मोडला की रं!"

महालिंगप्पानं ती त्यांच्या हातातून घेतली. त्यानं मूठ चष्म्याजवळ नेली. मोडली कुठं? खुंटी जशीच्या तशी, ग्रीसनं चकाकत होती. त्यानं मनगटाचं भोक बघितलं, काडेपेटीतला पंजा बघितला. पंजा भोकात दाबला. टक्. दुसरी मूठ काढून दुसरा पंजा दाबला. टक्.

सेक्रेटरीनं घाईनं जपानी कागद उलटा केला. खाली कोपऱ्यात मूठ, पंजा आणि मध्ये बाण.

"बदलायचे हात हायत हो! सोल्यूशन लावलं असतं तर आयुष्यभर कळलं नसतं!"

महांतप्पा पंजे पसरून उभ्या राक्षसाकडं बघत राहिले. "बंदुकीपरीस हेच बरं. बिचारा पाणी मागतोय जणू. आप्पा, ती किल्ली घ्या अन् इंजन चालू करा."

शनिवारपासून छातीत अडकलेला श्वास महालिंगप्पानं एवढ्या जोरात सोडला की टेबलावरचे कागद हलले. मुठी काडेपेटीत घालून त्यानं सेक्रेटरीला दिल्या, किल्ली करदोट्याला बांधली आणि तो विहिरीकडं निघाला.

वाटेत चेअरमनची म्हैस उभी होती. तो थांबला, चष्मा नाकावर नीट बसवला, ती म्हैसच असल्याची पक्की खात्री करून घेतली आणि मनापासून हात जोडले.

"नमस्कार, मालक!"