हात वर केला की थांबायचं

भिकानाना मला फार आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे मी त्यांच्याशी इतकं भांडताना दिसेन की वाचणाऱ्याचा उगाच गैरसमज व्हायचा.

नाना मूळचे शिरपूरकडचे. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक, डाव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही. सिल्वासाजवळच्या सायली गावात ज्या कारखान्यात ताडपत्री होते तिथे ते रोलरच्या तोंडाशी असतात. म्हणजे प्लॅस्टिकचा गरम पत्रा दोन रोलरांच्या मध्ये नीट सरकवून द्यायचं काम. मी त्याच कारखान्यात माल तपासतो. नाशिकहून इथे आलो तेव्हा दोन वर्षांत परत जाईन म्हणालो होतो. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली आणि नाशिकचे लोकही विचारायचे थांबले.

कामावर नाना मला साहेब म्हणतात. फाटकासमोर कावेरीची चहाची टपरी आहे, तिथेही साहेबच म्हणतात, पण फुटबॉलचा विषय निघाला की त्या 'साहेब'चा अर्थ 'तुम्हाला काय ढेकळं कळतं' असा होतो. आणि टपरीवर दुसरा विषय निघतच नाही. आमच्या भागातल्या कारखान्यांच्या पोरांचा 'सायली इलेव्हन' नावाचा संघ आहे. उन्हाळ्यात सिल्वासात कारखान्या-कारखान्यांच्या संघांची स्पर्धा भरते, आणि ती संपेपर्यंत आम्हाला दुसरं काही सुचत नाही.

यंदा सगळं भांडण नवनाथवरून होतं. नवनाथ आमचा बचावपटू. साक्रीकडचा, विशी ओलांडलेला, जवळच्या डोकमर्डीत चौघांत मिळून एका खोलीत राहणारा, आणि खात्यात नानांच्याच मशीनवर.

"उडतो कसा ते पहा ना भो," नाना म्हणायचे. "डोक्यावरचा बॉल त्याच्यापुढून कोणी नेऊ शकत नाही. आणि पाय घालतो तर निस्ता बॉलला लागतो, माणसाला नाही. एकदा तरी शिटी वाजली का त्याच्यावर?"

"शिटी कशी वाजेल? उभाच राहतो तो!" मी म्हणायचो.

माझंही काही खोटं नव्हतं. पोरगं चांगलं होतं, मलाही दिसत होतं. पण या मोसमात त्याला एक भलतीच खोड लागली होती. भर वेगात धावताना मधेच थिजायचा. बॉल दोन हातांवर, समोर कोणी आडवं नाही, आणि हा खांब होऊन उभा. वर उजव्या हाताने मांडीवर थाप मारायचा. तेवढ्यात समोरचा पोरगा बाजूने निघून जाऊन गोल मारायचा. असे तीन गोल आम्ही खाल्ले होते.

"शड्डू ठोकतो का काय मेला?" कावेरी चहा गाळता गाळता म्हणायची. ती तलासरीची, मराठीत गुजराती मिसळून बोलते. "आ कुस्ती छे के फुटबॉल?"

कोणी म्हणे त्याला झोप पुरत नाही, पावसाळ्याआधी ताडपत्रीला मागणी असते म्हणून दुहेरी पाळ्या चालतात. कोणी म्हणे गावाकडे लग्नाचं चाललंय. मी म्हणायचो की पोरगं घाबरट आहे, आणि हे मी जरा मोठ्यानेच म्हणायचो. नाना सगळ्यांना एकटे पुरून उरायचे. नवनाथला मुलाबाळासारखं जपणारं त्यांच्याशिवाय इथे कोणी नव्हतं, आणि नानांचं बिऱ्हाड शिरपूरला, त्यामुळे नानांनाही इथे त्याच्याशिवाय कोणी नव्हतं.

उपांत्य सामन्यात त्याने पुन्हा तेच केलं. पेनल्टीवर आमचा गोलकीपर गोकुळ देवासारखा उभा राहिला म्हणून अंतिम सामना पदरात पडला. गोकुळच कप्तान. त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "फायनलला नवनाथ बाहेर बसेल." नवनाथने जर्सी घडी करून गोकुळच्या पिशवीवर ठेवली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी टपरीवर मला चेव चढला होता. नाना म्हणत होते, पोराला एक संधी द्या. मी उठलो आणि नक्कलच करायला लागलो.

"नाना, झालं काय ते तुम्ही पाहिलंत ना? त्यांचा फॉरवर्ड असा हात वर करून पास मागतोय," मी हात वर केला, "आणि तुमचा नवनाथ..."

मागे काहीतरी फुटलं. नवनाथ केव्हा येऊन बाकावर बसला होता मला कळलंच नव्हतं. माझा हात वर गेला आणि त्याने उजवा तळवा बाकावर आपटला. त्याच्या हातातला ग्लास खाली पडून फुटला होता. तो स्वतःच दचकून आपल्या हाताकडे बघत होता.

सगळे हसले. मीही हसलो. फक्त नाना हसले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उतरला. चहा तसाच टाकून ते फाटकाकडे चालू लागले, तेव्हा मी मागे गेलो.

"काय झालं नाना?"

"तो घाबरट नाही, साहेब," ते म्हणाले. "मीच त्याला असं केलं."

मग फाटकाच्या भिंतीला टेकून त्यांनी सांगितलं. यंदा मोसम सुरू होताना नवनाथला बटणावर दिलं होतं. मशीन लांबलचक, आवाज असा की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. रोलरच्या तोंडाशी असलेल्या माणसाचा हात बटणापर्यंत पोचत नाही. म्हणून एक पद्धत ठरलेली: रोलरवाल्याने हात वर केला की बटणावाल्याने तळवा मारून मशीन बंद करायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही.

"रोज घोकून घेतलं त्याच्याकडून," नाना म्हणाले. "डबा खाताना मी हात वर करायचो, त्यानं मांडीवर थाप मारायची. पाणी पिताना हात वर, थाप. डोळा हातावर ठेव, हात दिसला की मार, विचार मागून कर. आता तो मैदानातही तेच करू राहिला."

"मग सांगा ना त्याला, की मैदानात हाताकडे बघू नको! एवढं काय त्यात?"

नानांनी डावा हात माझ्यासमोर धरला. इतक्या वर्षांत त्यांनी तो कधी असा दाखवला नव्हता.

"हे आधीच्या कारखान्यातलं. डावा हात आत ओढला गेला तसा मी उजवा वर केला. बटणावरच्या पोरानं पाहिलं, साहेब. पाहिलं नाही असं नाही. त्याला वाटलं मी बोलावू राहिलो. तो हसला, त्यानंही हात वर केला."

मघाशी नक्कल करताना वर केलेला हात मी खिशात घातला.

"एका जागी हात दिसला तर थांबायचं, दुसऱ्या जागी नाही थांबायचं, असं मी त्याला शिकवलं," नाना पुढे म्हणाले, "आणि खात्यात एक घडीभर त्याचा गोंधळ झाला, तर? रोलरवर मीच असतो ना."

मी म्हटलं, मग शिकवू नका. फुटबॉल गेला खड्ड्यात. हे मी मनापासून म्हटलं, आणि फुटबॉलबद्दल असं मी आयुष्यात कधी म्हटलेलं नाही.

दोन-तीन दिवस नाना टपरीवर आले नाहीत. नवनाथ खात्यात यायचा, बटणावर उभा राहायचा, काम चोख करायचा. पण डबा अर्धा परत न्यायचा. आधी जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेर बाटलीचं बूचसुद्धा पायाने उडवत असायचा तो पोरगा. आता पाण्याच्या टाकीच्या आडोशाला एकटा बसायचा. नाना लांबून बघायचे. मला नानांचा राग यायचा आणि कीवही यायची, आणि कशाचं काय करावं ते कळायचं नाही.

शनिवारी पाळी सुटल्यावर नाना माझ्याकडे आले. "साहेब, बॉल घेऊन मैदानात चला. गोकुळलाही बोलावलंय."

मैदानात त्यांनी नवनाथला मधोमध उभं केलं. गोकुळच्या गळ्यात शिटी घातली. मला म्हणाले, तुम्ही बॉल ढकला. माझं पोट बघता हे काम मला देणं धाडसाचं होतं, पण मी ढकलला. नाना स्वतः नवनाथसमोर जाऊन उभे राहिले आणि तो धावत आला तसा त्यांनी हात वर केला. तोच, तीन बोटांचा.

नवनाथ थिजला. मांडीवर थाप.

"नाही!" नाना ओरडले. "इथं शिटी! हात म्हणजे काहीच नाही इथं. शिटी वाजली तर थांब, नाहीतर पळ. पुन्हा!"

पुन्हा हात, पुन्हा थाप. पुन्हा. नवनाथ रडकुंडीला आला. "नाना, तुमचा हात दिसल्यावर मला नाही होत."

"होईल. माझा हात वर दिसला तरी तू पळायचं. पळ!"

हा माणूस त्या पोराला स्वतःच्याच हाताकडे दुर्लक्ष करायला शिकवत होता. मला ते बघवेना. मी बॉल ढकलत राहिलो, कारण दुसरं काही करणं मला येत नव्हतं. टपरी बंद करून आलेली कावेरीही कडेला उभी होती. "नानाने कहो, बस हवे," आता पुरे म्हणून नानांना सांगा, असं ती मला हळूच म्हणाली, पण नाना ऐकण्यातले नव्हते.

शेवटी एकदा नवनाथ नानांच्या वर केलेल्या हाताला वळसा घालून बॉल घेऊन थेट निघून गेला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. गोकुळने जर्सी त्याच्या अंगावर फेकली आणि म्हणाला, "उद्या तू खेळतोयस."

"जमलं," नाना म्हणाले. आवाज पार बसला होता.

रविवारचा सामना मी सांगत बसलो तर वेगळं पुस्तक होईल. थोडक्यात एवढंच की आम्ही एका गोलने पुढे होतो आणि वेळ संपत आली होती. त्यांचा फॉरवर्ड कडेने सुटला, हात वर करून त्याने पास मागितला, आणि अख्खी सायली उठून उभी राहिली. नवनाथ हाताकडे न बघता मध्ये घुसला आणि त्याने बॉल असा टोलवला की तो कुंपणाबाहेर जाऊन पडला. त्यानंतर शेवटची शिटी. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, कावेरीने फुकट चहा जाहीर केला, आणि मी, ज्याने त्याला मोसमभर घाबरट म्हटलं होतं, सगळ्यांत मोठ्याने ओरडत होतो. मला लाज नाही.

नाना कडेला उभे होते. दोन्ही हात काखेत. टाळी नाही, हसू नाही.

"अहो नाना, जिंकलो आपण! टाळ्या तरी वाजवा!"

"हात पाहिला नाही त्यानं," नाना म्हणाले. "चांगलं झालं." आणि थोडं थांबून, "उद्या पहिली पाळी आहे."

सोमवारी मला पहिल्या पाळीला यायचं काही कारण नव्हतं. आलो. मशीन चालू झालं, रोलर फिरू लागले, गरम पत्रा पुढे सरकायला लागला. त्या टोकाला बटणापाशी नवनाथ. गळ्यावर कालचा गुलाल अजून तसाच. त्याच्या बाजूला उभा असलेला कोणीतरी कालच्या सामन्याबद्दल त्याच्या कानात ओरडत होता आणि नवनाथ हसत होता.

नाना रोलरच्या तोंडापासून एक पाऊल मागे सरकले. दोन्ही हात मोकळे, कुठे काही अडकलेलं नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात वर केला.

मशीन बंद पडलं.

हात पुरता वर जायच्या आतच बंद पडलं. पत्रा मधोमध फाटून लोंबला. एवढ्या आवाजानंतर खात्यात जी शांतता झाली ती कानाला दुखत होती. सुपरवायझर सदाशिव ओरडत आला, "कोणी बंद केलं? काय झालं काय?" त्याला ओलांडून नवनाथ धावत आला. त्याने नानांचे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे करून पाहिले, बोटं दाबून पाहिली.

"नाना, कुठं लागलं? कुठं?"

"काही नाही रे. सगळं जागेवर आहे."

"मग हात का वर केला?" पोरगं ओरडलं. "मी किती घाबरलो!"

नानांनी त्याच्या मुठीतून आपले हात हळूच सोडवून घेतले आणि टाळ्या वाजवायला लागले. आठ बोटांच्या टाळ्या जरा बसक्या वाजतात. बंद मशीनपाशी, फाटक्या पत्र्यासमोर, सदाशिव शिव्या घालत असताना ते वाजवतच राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"आता कशाच्या टाळ्या, नाना?" नवनाथने विचारलं.

"कालच्या," नाना म्हणाले.